डुबुक पोचला का?

परवा नातीनं माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं आणि दम भरला, "आजोबा, हे वाचायचं. नुसतं चाळायचं नाही." गाढवाची गोष्ट होती. मी रोह्याच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. असल्या पुस्तकांवर जन्मभर शिक्के मारले, आत कधी डोकावलो नाही. तिचं मन राखायचं म्हणून व्हरांड्यात बसून उघडलं, आणि चहा गार झाला तरी मान वर केली नाही. गाढव लग्नाच्या मांडवात घुसतं तिथं तर मी इतक्या मोठ्यानं हसलो की बायको ओले हात पुसत बाहेर आली. रस्त्यानं जाणारे शेजारचे डॉक्टर थांबले. मी पुस्तक वर करून दाखवलं. तेही हसले आणि पुढे गेले.

एवढंच झालं. कोणी मला नावं ठेवली नाहीत, कोणी टोपणनाव दिलं नाही. सत्तरीच्या माणसानं पोरांचं पुस्तक वाचलं तर त्याचं कौतुकच होतं. त्या वेळी मला महादेवराव आठवले, आणि गाढव मांडवात राहिलं तिथंच राहिलं.

महादेव पवार धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर कामाला होते. वाचनालयात पहिल्यांदा आले ते फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, भर दुपारी. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. दारात चपला काढल्या, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाला न पुसता हवेत झटकून वाळवले, आणि मग आत येऊन मला म्हणाले, "भाऊ, मेंबर व्हायला शिक्षण किती लागतं?"

"काही लागत नाही. वाचता आलं म्हणजे झालं."

"मग बरं हाय. सहावी झालीय माझी. पण वाचतो."

काय वाचायला आवडतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जाड."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. कपाटापुढे उभं राहून ते नाव वाचायच्या आधी दोन बोटांत पुस्तकाची जाडी धरून बघायचे. इतिहास असो, कुणाचं चरित्र असो, तत्त्वज्ञान असो, काहीही चालायचं. बारीक पुस्तक दाखवलं की मान हलवायचे. "हे आठवड्यात संपंल भाऊ. जाड असलं की अंगी लागतं."

पुस्तक न्यायला त्यांची स्वतःची पिशवी होती, कंपनीत येणाऱ्या पोत्यांच्या आतलं जाड प्लास्टिक धुऊन, उन्हात वाळवून शिवलेली. त्यांच्या अंगाला कंपनीचा वास यायचा, सडक्या लसणीसारखा. तो साबणानं जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून टेबलापासून दोन हात लांब उभे राहायचे. बसा म्हटलं की म्हणायचे, "नको, तुमच्या खुर्चीला वास लागंल." इतक्या वर्षांत वाचनालयाच्या खुर्चीत मी त्यांना एकदाच बसलेलं पाहिलं. त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

पुस्तकाचं एकही पान ते सोडत नसत. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, छापखान्याचा पत्ता, सगळं. एकदा मला एका जाड चरित्रग्रंथात पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या आणि मी चिडलो. म्हटलं, "महादेवराव, पुस्तकावर लिहायचं नसतं." ते गोंधळले. त्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथं शुद्धिपत्र होतं, अमुक पानावर अमुक ओळीत अमुक चूक. त्यांनी एकेक पान काढून, शुद्धिपत्राप्रमाणे प्रत्येक चूक पेन्सिलीनं दुरुस्त केली होती. "त्यांनीच लिवलंय ना, चूक हाय म्हणून? मग दुरुस्त नको करायला?" शुद्धिपत्र इतकं मनावर घेणारा माणूस मी तेव्हाही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

एक निवृत्त वकील रोज पेपर वाचायला यायचे. त्यांनी एकदा महादेवरावांच्या हातातला तत्त्वज्ञानाचा ठोकळा बघून चष्म्यावरून विचारलं, "काय हो, कळतं का यातलं?"

"निम्मं कळतं, साहेब."

"आणि निम्मं?"

"ते पुढच्या खेपेला."

आणि खरोखरच वर्षभरानं तेच पुस्तक पुन्हा नेलं. मी हे वकिलांचं संभाषण गावभर रंगवून सांगितलं. माझा तो स्वभावच होता. चार माणसं हसली की मला जेवल्यासारखं वाटायचं, आणि हातात माइक आला तर विचारायलाच नको.

महादेवराव कुंडलिकेच्या काठच्या एका वाडीवर जन्मले. बाप नदीत मासे धरायचा आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बहीण पेणला रामवाडीत दिलेली, मेहुणा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. बहिणीची मुलगी वैशू, दहा वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे यायची. एका मे महिन्यात मामाच्या मागोमाग वाचनालयात आली, खालच्या कप्प्यासमोर फतकल मारून बसली आणि चार दिवसांत तो कप्पा संपवला. पाचव्या दिवशी तिनं एक पातळसं पुस्तक मामाच्या पोटाला टेकवलं.

"मामा, तू हे वाच."

"पोरांचं हाय गो ते."

"तू मला सारखा वाच वाच करतोस, मी वाचते ना? मग मी सांगितलेलं तू पण वाच."

पाणमांजराच्या पिल्लाची गोष्ट होती ती. पिल्लाचं नाव डुबुक. पुरात आईपासून तुटतं आणि आईला शोधत नदीनं वर वर जातं. महादेवरावांनी माझ्याकडे बघितलं, खजील हसले आणि ते पुस्तक जाड ठोकळ्याच्या पोटात घालून घेऊन गेले.

सुट्टी संपली, वैशू पेणला गेली, पण जाताना मामाला नियम घालून गेली. आठवड्याला एकच प्रकरण वाचायचं. पुढचं पान उघडायचं नाही. रविवारी पेणला आलं की तिच्याशी त्यावर बोलायचं. महादेवराव हा नियम कंपनीच्या नियमांपेक्षा कडक पाळायचे. रविवारी पॅसेंजरनं निघाले की गाडी पेणच्या आधी कासूला उभी राहीपर्यंत पुस्तक पिशवीतच. कासूला उघडायचं, आणि पेणला उतरेपर्यंत प्रकरण संपवायचं. तिथून रामवाडीपर्यंत चालताना काय बोलायचं ते मनात जुळवायचं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते जाड पुस्तकांनी कधी आणलं नव्हतं.

डुबुकनं त्यांना किती वेड लावलंय ते मला अचानकच कळलं. कंपनीच्या बसथांब्यावर ते एकटेच उभे होते, हातात उघडा ठोकळा, आणि खांदे गदगदत होते. मी सायकल थांबवली. ठोकळ्याच्या आत डुबुक होता. झालेलं प्रकरण पुन्हा वाचत होते.

"भाऊ, हा खेकड्याला घाबरतो! खेकडा इवलासा, आणि हा दगडावर चढून बसलाय!" डोळे पुसत म्हणाले. मग गंभीर झाले. "पण लिवणाऱ्याचं एक चुकलंय. पिल्लू आपसूक पोहतं म्हणे. आसं नसतं. मी बघितलंय लहानपणी आमच्या वाडीखाली. पिल्लू पाण्याला लय भितं. आई त्याला मानेला धरून पाण्यात नेते, सोडते, परत धरते. वैशूला सांगितलं तर म्हणते, शेवटपर्यंत वाच, मग बोल. ह्याला शुद्धिपत्र बी नाय."

मी हसत होतो. ते जवळ आले. मला वाटतं, वासाची फिकीर न करता एवढे जवळ ते पहिल्यांदाच आले.

"भाऊ, हे तुमच्या-माझ्यात. कंपनीत मला पुस्तकवाला पवार म्हणतात. अर्ज लिवायचा झाला की पोरं माझ्याकडं येतात. सहावीवाल्याला कुठं मिळतो असा मान? हे बघितलं तर म्हणतील, हा एवढी वर्षं हेच वाचत होता."

"छे हो, मी कशाला कोणाला सांगू?" मी म्हणालो. शब्द दिला मी त्यांना.

आमच्या वाचनालयाची एक पद्धत होती. वर्धापनदिनाला उत्तम वाचकाचा सत्कार व्हायचा, आणि शाल देण्याआधी त्यानं वर्षभरात नेलेल्या पुस्तकांची यादी ग्रंथपालानं मोठ्यानं वाचायची. त्या वर्षी सत्कार महादेवरावांचा होता. पाहुणे म्हणून त्यांच्याच कंपनीतले मोठे साहेब, समोर शिफ्ट सुटून आलेले पंचवीस-तीस कामगार. महादेवराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, व्यासपीठावरच्या खुर्चीत, अगदी कडेला टेकले होते. वाचनालयाच्या खुर्चीत बसलेलं मी त्यांना पाहिलं ते हेच.

मी यादी वाचू लागलो. एकेक भारदस्त नाव आलं की कामगारांत कुजबुज, टाळ्या. साहेब मान डोलवत होते. तिथं थांबायला हवं होतं. डुबुकचं नाव गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण सभा रंगात आली होती आणि माझा माइक चालू होता. मी कागद खाली केला, चष्मा काढला, आवाज जड केला आणि म्हणालो, "आणि आता या वर्षीचा सर्वांत गहन ग्रंथ. डुबुक! पाणमांजराच्या पिल्लाची गोष्ट. वयोगट, सहा ते दहा. तीनदा मुदत वाढवून घेतली आहे. निम्मं कळलंय, निम्मं पुढच्या खेपेला!"

हॉल कोसळला. एवढा हशा मला आधी कधी मिळाला नव्हता. साहेब रुमालानं डोळे टिपत उठले आणि शाल घालता घालता माइकमध्येच म्हणाले, "काय डुबुक, अभिनंदन!" पुन्हा हशा. महादेवरावही हसले. सगळे हसत असताना ज्याच्यावर हसतात तो माणूस हसतो, तसे. मग खुर्चीत बसून आपल्या तळहातांकडे बघत राहिले, हात धुवायचे राहिल्यासारखे.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी "डुबुक, जरा पुढं सरक" म्हणालं, आणि ते नाव त्यांना चिकटलं. पुस्तकवाला पवार गेला. नवी पोरं अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ लागली. हे मला त्यांच्या शिफ्टमधल्या एकानं सांगितलं, हसत हसत. त्याच्याच हाती महादेवरावांनी दोन्ही पुस्तकं परत पाठवली होती. डुबुकमध्ये नवव्या प्रकरणाशी रेल्वेचं तिकीट खुणेला होतं. पुढची पाच प्रकरणं राहिली होती. महादेवराव त्यानंतर वाचनालयात आले नाहीत.

मी दीड महिना स्वतःची समजूत घातली. गमतीत बोललो, माणसानं एवढं मनावर घेऊ नये, येतील आपसूक. आले नाहीत. शेवटी एका दुपारी डुबुक पिशवीत टाकून मी त्यांच्या खोलीवर गेलो. नदीपलीकडे कामगारांच्या खोल्या, एकाला एक लागून. ते दाराशी तांदूळ निवडत बसले होते. लगबगीनं उठले, सतरंजी टाकली, चहा केला. रागाचा एक शब्द नाही. पावसापाण्याचं बोलले, वाचनालयाच्या गळक्या छपराची चौकशी केली. माफी मागायला गेलेल्या माणसाची इतकी सरबराई झाली की माफीचं तोंडच बंद झालं. मी नुसतं पुस्तक काढून पुढे केलं.

त्यांनी आधी दाराबाहेर पाहिलं.

"नको भाऊ. न्या ते. आजूबाजूला सगळी कंपनीचीच माणसं हायत. आणि आपल्याला कशाला पोरांच्या गोष्टी?"

"वैशूचा नियम होता ना?"

"तिला सांगितलं, वाचून झालं म्हणून. तिकडं जाणं बी कमीच केलंय. गेलो की शेवटचं विचारते. मी आपला विषय काढतो दुसरा." ते तांदळाच्या सुपात बोटं फिरवत राहिले. मी निघालो, चपला घातल्या, तेव्हा पाठीमागून हळूच आवाज आला.

"भाऊ, डुबुक पोचला का आईजवळ?"

मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. पन्नास वेळा शिक्का मारला होता, भर सभेत त्याच्यावर हशा मिळवला होता, आणि आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायची लाज वाटली. आणि पोरांच्या गोष्टीचा शेवट दुसरा कसला असणार?

"पोचला की," मी म्हणालो.

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "वाटलंच मला. आता तिला सांगतो."

वाचनालयात परतलो आणि टेबलाशी बसून डुबुक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खेकड्याच्या जागी मी हसलो. त्यांच्याइतकाच हसलो. आणि शेवटच्या प्रकरणात डुबुक जुन्या बिळाशी पोचतो तेव्हा बीळ रिकामं असतं. आई कुठंच नसते. तो वाट बघतो, पावसाळा येतो, आणि एक दिवस पाण्याच्या लोंढ्यात दुसरंच एक पोरकं पिल्लू वाहत येतं. ते पाण्याला भिऊन किंचाळत असतं. डुबुक त्याला मानेला धरतो, काठाशी आणतो, पाण्यात सोडतो, परत धरतो. त्याला एकदम आठवतं की आपल्यालाही कोणीतरी असंच धरलं होतं. गोष्ट तिथं संपते.

म्हणजे लिहिणाऱ्याचं चुकलं नव्हतं. महादेवरावांनी लहानपणी वाडीखाली जे पाहिलं होतं तेच त्यानं शेवटच्या पानासाठी राखून ठेवलं होतं, आणि वैशू त्याच पानाची वाट बघत मामाला थांबवत होती. त्या पानावर त्या दोघांनी काय काय बोललं असतं! ते मी हिसकावून घेतलं, आणि वर एक खोटा शेवट त्यांच्या हातात दिला. तसाच उठून नदीपलीकडे जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. दिवाळी आली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते रोहा स्टेशनवर. पुढे नोकरी सोडून ते पेणला बहिणीकडे राहायला गेले असं कानावर आलं, मी चौकशी केली नाही. त्या दिवशी मी पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. दिवाळीची सुट्टी संपवून वैशू पेणला परत चालली होती, मामा पोचवायला निघाला होता. दोघं बाकावर बसली होती, मधे ती प्लास्टिकची पिशवी. वैशूचं तोंड फुगलेलं. मला बघताच ती उठली.

"हे बघ मामा, वाचनालयातले काका! आता ह्यांनाच विचारते. काका, तुम्ही सांगा. डुबुक आईजवळ पोचतो का? मामा म्हणतो पोचतो."

मी तिच्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर तिला सगळं पाठ. नाही म्हणावं, तर ज्याला मी हे सांगितलं तो माणूस समोर बसलेला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

महादेवराव माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं, पुस्तकाचा शेवटही आणि मी ते वाचलं नव्हतं हेही. मी सांगून टाकायचं होतं, की वैशू, मामाला हे मीच सांगितलं. चार शब्दांचं काम होतं.

"काकांना कशाला तरास देतीस गो?" ते म्हणाले. "मीच खोटं बोललो. मी वाचलंच नाय ते. अर्ध्यात टाकलं."

"का?"

"कंटाळा आला."

तिनं मामाकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. भरल्या सभेत मी त्यांचं एक गुपित राखू शकलो नव्हतो. त्यांनी माझं राखलं, आणि त्यासाठी तिच्या नजरेतून उतरले. 

गाडी लागली. मी माझ्या पाहुण्यांच्या पिशव्या चढवल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचा डबा माझ्यासमोरून गेला. वैशू मामाकडे पाठ करून पलीकडच्या खिडकीशी बसली होती. महादेवराव अलीकडे, मांडीवर रिकामी पिशवी घडी घालून. त्यांनी मला पाहिलं आणि नेहमीसारखा हात वर केला.

मीही केला.